दादाचा लॅपटॉप आणि न शिवलेला कावळा

ही घटना खरी आहे. शंका असेल त्यानं रहिमतपूरला जाऊन आकारामतात्यांना विचारावं. तात्या एरवी खोटं बोलतात. पण हे सांगताना त्यांचं तंबाखू मळणं थांबतं, आणि ते थांबवणं त्यांच्या घरच्यांना आजवर जमलेलं नाही.

रात्र अमावास्येची नव्हती.

रात्रच नव्हती.

रविवारची भर दुपार. अंगणात शेंगा वाळत घातलेल्या. सोप्यात जयराज दोन लॅपटॉप समोरासमोर मांडून बसला होता, सोयरीक जुळवायला बसवल्यासारखे. जुना दादाचा, नवा त्याचा स्वतःचा. मध्ये केबल.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, उदयसिंह. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या पार्टची ड्रॉइंग काढायचा. उन्हाळ्यात मोटारसायकलवरून घरी येताना गेला. मोबाईलचा तर चुराच झाला. त्याचे फोटो, त्याचा आवाज, जे काही उरलं होतं ते या एका लॅपटॉपात होतं.

आणि लॅपटॉपचीही घटका भरत आली होती.

"आजून एकदा चालू व्हईल," दुरुस्तीवाला म्हणाला होता. "त्यात काय काढायचं ते काढून घ्या. परत माज्याकडं आणू नका."

आईला बाकी काही नको होतं. "त्येचा आवाज तेवढा काढ," एवढंच ती म्हणाली.

जयराजनं 'घर' नावाचं फोल्डर धरलं. घाईत कॉपीच्या जागी कट दाबलं. कॉपी केलं की वस्तू दोन्हीकडं राहते. कट केलं की इथून उठून तिथं जाते.

हिरवी पट्टी सरकू लागली. जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला... दादा जेवून आडवा झाला की घोरायचा, अगदी तसा.

आई भिंतीला टेकून ऐकत बसली.

नव्व्याण्णव टक्क्यांवर पट्टी थांबली.

जयराजनं वाट बघितली. केबल हलवून बघितली. पट्टी हलेना. पंखाही बंद पडला. घरात एकदम गपगार झालं. आणि त्या शांततेत...

"आये, हिकडं बघ."

दादाचा आवाज.

प्रत्येक व्हिडिओ तो याच वाक्यानं सुरू करायचा. पण व्हिडिओ एकही उघडलेला नव्हता. आणि त्या लॅपटॉपचे स्पीकर तर दादा असतानाच गेले होते. दादानंच त्यांना शिव्या घातल्या होत्या.

आई उठून उभी राहिली.

दारात शेजारचे तात्या होते. काय चाललंय ते बघायला आलेले, आता पाय उचलेनात.

"जया," ते हळू म्हणाले, "दहाव्याला कावळा शिवला न्हवता."

नव्हता. नदीच्या घाटावर माणसं उन्हात ताटकळली होती. कावळे झाडावर बसून पिंडाकडं नुसते बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले.

"त्येचं कायतरी मागं ऱ्हायलंय. शब्द द्या त्येला."

लॅपटॉपला शब्द द्यायचा. एरवी जयराज यावर आठवडाभर हसला असता.

त्यानं हात जोडले.

"दादा, तुजी गाडी भंगारात घालणार न्हाई."

पट्टी हलली नाही.

"गोठ्याचा पत्रा बदलतो."

नाही.

"मी औंदा बी. कॉम. पास हुतो."

"मेलेल्या माणसाला तरी खरं सांग की रं," तात्या म्हणाले.

मग आई पुढं आली.

दादा गेल्यापासून ती रोज रात्री त्याचं ताट वाढायची. झाकून ठेवायची. सकाळी म्हशीला घालायची. तिला कुणी काही म्हणायचं नाही. म्हैस तर नाहीच नाही.

तिनं लॅपटॉपवरून पदर फिरवला. धूळ नव्हती तरी.

"उदय," ती म्हणाली, "आजपास्नं तुजं ताट वाढत न्हाई, बाळा. जा तू."

टुंग.

पट्टी भरली. जुना लॅपटॉप काळा पडला, तो कायमचा. अंगणात शेंगांवर एक कावळा बसला होता. ओरडला नाही. शेंगही उचलली नाही. उडून गेला.

जयराजनं नव्या लॅपटॉपवर फोल्डर उघडलं. सगळ्या फाइली आल्या होत्या. एकही कमी नव्हती.

फक्त... दादा नव्हता.

चुलतबहिणीच्या लग्नातला फोटो. सगळे दाटीवाटीनं उभे. मधे एका माणसाची जागा मोकळी. आणि जयराजचा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा.

व्हिडिओ. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. वर बघून हसते. गप्प होते. "गप रं, लय श्याना हायेस," म्हणते. पुन्हा गप्प. ज्या बोलण्याला ती उत्तरं देतेय, ते बोलणंच नाही. भाकरीची थाप मात्र स्वच्छ ऐकू येते.

दुरुस्तीवाल्यानं ऐकून घेतलं. "फाइल एक तर येती, न्हाईतर येत न्हाई," तो म्हणाला. "त्यातलं माणूस तेवढं जात न्हाई." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आईनं शब्द पाळला. ताट वाढत नाही. पण रोज दिवेलागणीला तो भाकरीचा व्हिडिओ लावायला सांगते. मधल्या गप्प जागी मान हलवते. हसते.

"आये, तुला ऐकू येतंय?" एकदा जयराजनं विचारलं.

"तुला न्हाई येत?"

त्यानं आवाज पूर्ण वाढवला.

"तुलाच हाका मारतोय की मघाधरनं. ओ दे."

तिन्हीसांजेला असल्या हाकेला ओ देऊ नये. गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. तात्या दारातून हातानं नको नको म्हणत होते.

जयराजनं लॅपटॉपला कान लावला. चुलीतल्या लाकडांची तडतड. बाकी काही नाही.

"ओ, दादा," तो म्हणाला.

आता रोज देतो. अजून त्याला काहीच ऐकू आलेलं नाही.

व्हिडिओतली आई मात्र हल्ली उत्तर द्यायच्या आधी जरा जास्त थांबते... दोघा भावांचं बोलणं संपायची वाट बघितल्यासारखी.