रस्ता पुरा होईपर्यंत

पसरलेल्या खडीवरून सायकल घसरली आणि दया रोलरच्या वाटेतच पडली. तसं भिण्यासारखं काही नव्हतं. रोलर बराच लांब होता आणि त्याची चाल बैलगाडीहूनही संथ... पण चालवणाऱ्याने तो जागीच थांबवला, खाली उडी मारली आणि पळत आला.

"लागलं का?"

"नाही." कोपर खरचटलं होतं, ते तिने पदराखाली घेतलं. "खडी पसरताना माणसांना जायला थोडी वाट ठेवत जा."

"ठेवली हाय की. त्या अंगाला." त्याने बोट दाखवलं. खरंच, कडेने हातभर रुंदीची मोकळी पट्टी होती. "दिसत न्हाई म्हणता? उद्यापासनं तिथं फडकं बांधतो. लाल... चालंल?"

ती सायकलवर बसून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी त्या पट्टीच्या तोंडाशी काठीला बांधलेलं लाल फडकं वाऱ्यावर हलताना दिसलं, तेव्हा तिला हसू आवरेना. कुणी बघत नाही ना, हे पाहून घेऊन ती हसली.

दुष्काळाचं ते साल. त्र्याहत्तरचा जानेवारी. नगर शहराबाहेर नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दया विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळायचं काम करायची. शहरातून तिकडे जाणारा जुना रस्ता एका ओढ्यात उतरत होता. ओढ्यावर पूल नव्हता, नुसती फरशी होती. चांगल्या पावसाच्या वर्षी सीना नदीचं पाणी फुगलं की ओढा उलटा भरायचा, फरशी बुडायची आणि अख्खी वसाहत शहरापासून तुटायची. आता ओढ्यात थेंब नव्हता. दुष्काळी कामावर आलेले शेकडो लोक तिथे माती टाकत होते, खडी फोडत होते. उंच भराव, त्यावर रुंद रस्ता आणि मधे पूल, असं ते काम होतं.

रोलरवाल्याचं नाव शांतवन. नेवाशाकडचा, दयासारखाच ख्रिस्ती, अजून एकटा. रस्ता जिथे चालला असेल तिथे तो आणि त्याचा रोलर. कडेलाच त्याची राहुटी असे.

मग रोजचंच झालं. सकाळी ती जाताना तो रोलर कडेला घ्यायचा. संध्याकाळी ती परतताना तो रस्त्यावर पाणी मारून घेत असायचा. लांबच्या विहिरीवरून टाकीच्या गाडीने आणलेलं ते पाणी मुरमावर पडलं की ओल्या मातीचा वास सुटायचा. त्या वर्षी तो वास नगरात दुसरीकडे कुठेच नव्हता. दया सायकलवरून उतरायची... चालतच पुढे जायची. उतरायचं कारण वासच होता, असं ती स्वतःला सांगायची.

"आज उशीर?" तो विचारायचा.

"तुमचा रोलर आडवा येतो ना."

"माझा रोलर आडवा येत न्हाई, बाई. सरळ जातो, सरळ मागं येतो."

"मग पुढे कधी जाणार?"

"पुढं गेलो..." त्याने रोलरकडे पाहिलं. "पुढं गेलो की इथनं गेलोच म्हनायचं."

त्या संध्याकाळी ती घरापर्यंत चालतच गेली. सायकलवर बसायचं तिला सुचलंच नाही.

मार्चमध्ये भराव फरशीपाशी आला. जुनी फरशी मातीखाली जाणार, त्या दिवशी दया सुट्टी असूनही तिथे आली आणि लांबच उभी राहिली. शांतवनाने पाहिलं. तो जवळ आला, पण थट्टा केली नाही. काय झालं ते तिनेच सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या वडिलांचा, अब्राहामचा, हात कारखान्यातल्या यंत्रात सापडला होता. लोकांनी त्यांना टेम्पोत घातलं आणि फरशीपर्यंत आणलं. फरशीवर पुरुषभर पाणी. अलीकडच्या काठावर निरोप मिळून आलेली दया आणि तिची आई मरिया. पलीकडे टेम्पो. आवाज पोचत नव्हता, पण तोंडं दिसत होती. पाणी ओसरेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. पाणी ओसरलं तेव्हा उपयोग नव्हता. वडिलांच्या जागेवर कारखान्याने तिला घेतलं.

शांतवनाने डोक्याचा रुमाल सोडून बाभळीखाली अंथरला. मग म्हणाला, "बसा तुमी हितंच सावलीला. आज ही फरशी मीच दाबतो. दुसऱ्याच्या हाती देत न्हाई."

ती दिवसभर बाभळीखाली बसून राहिली. रोलर त्या जागेवरून जात राहिला, येत राहिला. ऊन उतरलं तेव्हा फरशी कुठे होती हे ओळखूही येत नव्हतं.

त्यानंतर ती त्याला 'तुम्ही' म्हणत होतीच, पण त्या 'तुम्ही'चा आवाज बदलला. तो बाई म्हणायचं सोडून नावाने हाक मारू लागला. आणि एक चमत्कारिक दुःख तिच्या वाट्याला आलं. हा रस्ता व्हावा असं तिच्याइतकं कुणाला वाटत नव्हतं. आणि रस्ता जेवढा पुढे सरकत होता, तेवढा शांतवन जायचा दिवस जवळ येत होता. तिने एकदाही त्याला सावकाश करा म्हटलं नाही. त्यानेही केलं नाही.

मे सरता सरता पूल झाला, डांबर पडलं. संगमनेरच्या बाजूला नवं काम निघालं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिला पुलाच्या कठड्याशी गाठलं.

"मी मरियाबाईंकडं येऊन इचारणार हुतो. पन आधी तुला इचारतो. माझ्याबरोबर येशील?"

दयाने कठड्यावर हात टेकला. घरी आईशी तिचं बोलणं झालं होतं. आई म्हणाली होती, माणूस सरळ आहे. पण आज इथे तर उद्या तिथे, त्याच्यामागे तू कुठे कुठे जाशील, आणि माझं काय... आणि आईला सांगितली नव्हती अशीही एक गोष्ट होती. पाणी यायचं अजून बाकी होतं. हा भराव टिकतो का, हे पाहिल्याशिवाय तिचं मन तिथून निघतच नव्हतं.

"मला आत्ता नाही सांगता येणार," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. "बरं." एवढंच. सकाळी रोलर गेला. त्याच्या राहुटीच्या जागी चुलीचे तीन दगड तेवढे राहिले.

त्या वर्षी पाऊस मनापासून पडला. सप्टेंबरात सलग बरसला आणि सीना फुगली. त्याच दिवशी दुपारी दयाच्या शेजारी कॉइल गुंडाळणारी रंगुबाई पोट धरून खाली बसली. दिवस भरत आले होते, पण पाणी नव्हे, रक्त जात होतं. टेम्पो आला. दयाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"फरशी..." रंगुबाई ग्लानीत कण्हत म्हणाली. "बुडली आसंल गं."

"फरशी नाही आता. तू डोळे मीट."

दयाने मात्र डोळे उघडे ठेवले. भरावाच्या दोन्ही बाजूंना गढूळ पाणी पसरलं होतं, पुलाखालून घोंगावत जात होतं. रस्ता वर होता. ओला, काळा, सलग. टेम्पोने वेगही कमी केला नाही. ओढा कधी मागे पडला ते रंगुबाईला कळलंही नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. मुलगी झाली होती आणि आई वाचली होती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले. दया दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन भिंतीला टेकली. वडील गेले तेव्हा ती आईसाठी न रडता राहिली होती. आज ती रडली, पोटभर. आणि रडून झाल्यावर तिला हे सगळं एकाच माणसाला सांगावंसं वाटलं.

रात्री जेवताना तिने आईला सांगितलं. मरियाबाईने ताटातला हात काढून घेतला आणि लेकीकडे पाहिलं.

"रविवारी प्रार्थना झाली की संगमनेरची गाडी धर," ती म्हणाली. "सांगून ये त्याला. राहिलेलं उत्तरही देऊन ये. माझी काळजी मी बघते."

रविवारी दुपारी ती पोचली तेव्हा संगमनेरजवळ पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला रोलर उभा होता, वर ताडपत्री घातलेली. राहुटीपुढे शांतवन नुसत्या बनियनवर शर्ट धूत बसला होता. तिला पाहून तो पिळलेला शर्ट हातात घेऊन तसाच उठला.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रंगुबाईचं, पाण्याचं, रस्त्याचं. तो ऐकत राहिला. शर्टाचं पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं.

"पोरगी कशी हाय?" त्याने शेवटी विचारलं.

"बरी आहे. दोघी बऱ्या आहेत." मग ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं... माझं हो आहे. पण मी नोकरी सोडणार नाही आणि आईलाही. मी नगरलाच राहीन. काम कुठेही असलं तरी तुम्ही घरी यायचं."

"मला घर न्हाई, दया."

"म्हणून तर सांगतेय."

त्याने हातातला शर्ट पुन्हा एकदा पिळला. मग म्हणाला, "शनिवारी काम सुटलं की निघीन."

"पावसातसुद्धा?"

"पावसातबी." त्याने झटकन शर्ट झाडला आणि ओलाच अंगात घातला. "आज येऊ का संगं? मरियाबाईंना इचाराया?"

"असा ओल्या शर्टानं?"

"वाळंल की जाता जाता."

नगरची गाडी आली. आत गर्दी नव्हती. दया खिडकीपाशी बसली होती. ती उठली, त्याला खिडकीत बसवलं, काच पूर्ण सरकवली आणि त्याच्याशेजारी बसली.