दवाने भिजलेला घास

"हात लावू नकोस गव्हाणीला!" मामंजी एवढे कडाडले की दावणीच्या गाई दचकल्या, पण शेताकडे निघालेली थोरली सून आत आलीच, आणि गाभण गाईच्या तोंडासमोरून दवाने चिंब झालेली लसूणघासाची पेंढी उचलून तिने बाहेर भिरकावली.

तीन वर्षांपूर्वी असाच ओला घास उपाशीपोटी खाऊन घरातली सर्वांत दुभती गाय पोट फुगून तडफडत गेली होती. घातला कुणी? 'मी,' असे सून म्हणाली, आणि त्या एका शब्दावर मामंजींनी तिला गोठा बंद केला, बोलणेही बंद केले... तेव्हापासून तिच्या वाट्याला शेतातले वाळवण. फुलावर येताच घास कापायचा, ऊन चढायच्या आत उलटायचा, नाहीतर पाने झडून नुसत्या काड्या हाती! तो हिरवट, सुवासिक सुका चारा मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. वाळवला कुणी, हे मात्र सांगत नसत. आधी आधी तिचे अंतःकरण जळायचे. मग तेही थांबले.

आज सासूबाई दुधाची बादली घेऊन मागेच उभ्या होत्या. "अहो, ओला घास? गाभण गाईला?"

"काहीतरीच काय! मी रोज वाळलेलाच..." मामंजींनी आपल्या हातांकडे पाहिले. कोपरापर्यंत भिजलेले. "म्हणजे... त्या दिवशीसुद्धा मीच?"

सून गव्हाणीत उरलेल्या ओल्या काड्या वेचू लागली.

"बोल ना गं! का घेतलंस अंगावर?"

"तुमच्या भिजलेल्या बाह्या मी पाहिल्या होत्या, मामंजी. पण तुम्हाला काही आठवतच नव्हतं. ती गाय तुम्ही लहानाची मोठी केली होतीत... कळलं असतं तर अंथरूण धरलं असतं तुम्ही."

सासूबाईंना हुंदका आवरेना. मामंजी गव्हाणीला टेकून खाली बसले. "तीन वर्षं, पोरी... तीन वर्षं!"

या क्षणाची तिने किती आसुसून वाट पाहिली होती! आणि आता तो आला, तर आत काहीच हलेना. तिने निमूटपणे वाळलेल्या घासाचा भारा ओढला.

मामंजी उठले. भाऱ्यातली एक मूठ घेऊन त्यांनी बोटांनी चुरली, नाकाशी नेली. साऱ्या पंचक्रोशीला घास वाळवायला शिकवणारा माणूस! पण नजर भांबावलेली. मूठ तिच्यापुढे धरून ते हळूच म्हणाले, "सूनबाई... हा वाळलाय का गं?"

तिने चाचपून पाहिले. "हो मामंजी. घाला."

त्यांनी तो गाईपुढे घातला, आणि दुसरी मूठ तिच्यापुढे धरून पुन्हा तेच विचारले.