घरात माणसं तीन

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. कोरियातल्या इंचन शहराच्या मासळीबाजारापासून दवाखान्यांपर्यंतचे काटे आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवतो आणि काटा खरं बोलतोय की नाही ते लिहून देतो. वीस वर्षांत एवढं कळलं की यंत्र चुकतं, पण मुद्दाम चुकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी भाबडा समजणार नाही.

आई आणि मी सोंगदोला सतराव्या मजल्यावर राहत होतो. समुद्र बुजवून वसवलेलं हे शहर फार शहाणं आहे. इथे कचऱ्याची गाडी येत नाही, कचरा जमिनीखालच्या नळातून हवेच्या जोरावर ओढला जातो. खरकट्याच्या डब्याला घराचं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं आणि यंत्र खणखणीत आवाजात वजन सांगतं, तेही नेमकं शेजारीण मागे उभी असताना. प्रत्येक घरात दाराशेजारी भिंतीत एक पॅनेल बसवलेलं आहे. पाणी, वीज, ऊब, खरकटं, सगळं त्यावर दिसतं. आणि घरात या क्षणी माणसं किती, तेही. त्यासाठी चौकटीवर एक बारीक डोळा आहे. माणशी किती खर्च झाला यावरून इमारतीतल्या घरांचा क्रम लागतो, आणि तो क्रम लिफ्टमधल्या पडद्यावर झळकतो.

आम्ही खालून तिसरे होतो.

याला कारण आई. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आई उधळायला शिकली होती. तिची उधळपट्टी म्हणजे काय, तर तिन्हीसांजेला सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे, जमीन तळव्यांना गरम लागेपर्यंत ऊब वाढवायची आणि टबात गळ्यापर्यंत गरम पाणी भरून बसायचं. आत बसून ती गायची. मी चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत तिला गाता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा सूतगिरणीत भांडारपाल होते. घरातही भांडारपालच. आई ज्या खोलीत असेल तिथे मागून यायचे, म्हणायचे, "दिवा कोणासाठी जळतोय?" आणि बटण बंद करायचे. ती आत आहे हे दिसत असतानाच बंद करायचे. आई खिडकीच्या उजेडात लसूण सोलायची, अंधारात अंघोळ करायची. अशाच एका अंघोळीत ती घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला बाबांचा राग यायचा, आजही येतो. तरी कुठे नळ ठिबकताना ऐकला की माझे दात शिवशिवतात, हेही खरं.

"प्योसाहेब, तुमच्या आईंना समुद्र तापवायचाय का?" बांगबाई लिफ्टमध्ये म्हणायच्या. त्या आमच्या इमारतीच्या प्रतिनिधी. घरी सुकवलेली संत्र्याची सालं त्या 'काही वाया घालवू नका' म्हणत पिशव्यांतून वाटायच्या, आणि त्यांच्याकडून साल घेणं हाही एक अपमानच असायचा. "या थंडीत जे घर शेवटचं येईल त्याचं नाव मी सभेत वाचणार आहे. मोजमापाचा माणूस तुमच्या घरात, आणि ही तऱ्हा!"

लिफ्टमधले बाकीचे लोक पडद्याकडे बघत उभे राहायचे. मला फार लाज वाटायची.

बाबांचं वर्षश्राद्ध डिसेंबरात येतं. आमच्यात पूर्वी मध्यरात्री करायचे, आता ऑफिसं सांभाळून संध्याकाळी सातला उरकतात. भात, सूप, आख्खा मासा, नाशपाती, उदबत्ती. बाहेरचं दार थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे गेलेल्या माणसाला आत येता येतं. तो जेवला की दार पुन्हा सताड उघडायचं, मान खाली घालून उभं राहायचं आणि त्याला निरोप द्यायचा. मगच ताटं उचलायची.

मी दार उघडलं. पॅनेलमधली मुलगी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "एक जण घरात आले. घरात माणसं तीन."

मी हसलो. वऱ्हांड्यातून कोणी गेलं असेल, डोळ्याने मोजलं असेल. आई हसली नाही. तिने ताटातल्या भातात चमचा उभा केला आणि मागे सरकून बसली.

तीन मिनिटांनी पॅनेल लाल झालं. "दार उघडं आहे. ऊब वाया जात आहे." समुद्रावरचा वारा सरळ आत घुसत होता. माझ्या डोळ्यांपुढे लिफ्टमधला पडदा आला, बांगबाई आल्या. मी उठून दार लावलं.

"अरे, अजून ते उठले नाहीत," आई म्हणाली.

"निरोपाच्या वेळी उघडू की परत."

मग मासा आवरला, भांडी झाली, बहिणीचा फोन आला. दार उघडायचं राहून गेलं. आईने आठवण करून दिली नाही. बाबांच्या बाबतीत कुणाला आठवण करून द्यायची तिला कधी सवयच नव्हती.

सकाळी पॅनेलवर आकडा होता तीन.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो, हे कबूल करतो. दोघांचा खर्च तिघांत भागला गेला आणि आम्ही मधल्या रांगेत आलो. आकडा चुकीचा आहे हे मला, काटे तपासणाऱ्या माणसाला, ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

मग दिवे जायला लागले. आई ज्या खोलीत असेल तिथलाच दिवा जायचा. ऊब कितीही वाढवली तरी अर्ध्या तासात अठरा अंशांवर यायची. खरकट्याचं वजन घटत गेलं, आणि एके दिवशी डब्याच्या यंत्राने सगळ्यांसमोर "शून्य" असं सांगितलं. शेजारणींनी वळून पाहिलं. मी घरी येऊन शोध घेतला तर आई ओट्याशी उभी राहून सफरचंदाची सालं खात होती.

"हे काय चाललंय?"

"टाकून कशाला द्यायची," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याच्या मागे बघत राहिली.

मी तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने चौकटीवरचा डोळा काढून नवा बसवला. पॅनेल म्हणालं, घरात माणसं चार.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "मी, तुम्ही, आजी. चौथे आतल्या खोलीत असतील ना?"

"आत कोणी नाही."

त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, पण तिकडे गेला नाही. घाईने पिशवी भरली आणि एक पाना आमच्याकडेच विसरून गेला. तो मागायलाही परत आला नाही.

मग मी माझ्या पद्धतीने चाचणी घेतली. शनिवारी संध्याकाळी आतल्या, म्हणजे आईच्या, खोलीतला दिवा मुद्दाम लावून ठेवला, तिला घेऊन खाली कालव्याकाठी गेलो आणि बाकावर बसून फोनवर घराचं पान उघडलं. घरात माणसं एक. आतली खोली, दिवा चालू. आम्ही बसून राहिलो. आई हातमोज्यांत हात चोळत होती. सहा वाजून दहा मिनिटांनी ओळ बदलली. आतली खोली, दिवा बंद, हाताने.

'हाताने' हा शब्द मी तिला वाचून दाखवला नाही. पण तिने माझा चेहरा पाहिला असणार.

"अठ्ठेचाळीस वर्षं काढली रे मी," ती म्हणाली. "तीनच मिळाली होती."

दोन दिवसांनी ऑफिसातून आलो तर घर काळोखात होतं. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. फोनच्या उजेडात पाहिलं तर आई टबात बसलेली, ओठ निळे, पाणी बर्फासारखं. वाकडं मनगट छातीशी धरलेलं. दिवा गेला, गरम पाणी बंद झालं, आणि ती बसून राहिली होती. किती वेळ, तिलाच माहीत नव्हतं.

"हाक का नाही मारलीस? शेजारी होते ना!"

"रागात आहेत," ती कुजबुजली. "जाऊ दे. थोड्या वेळाने शांत होतील."

मी तिला चादरीत गुंडाळून चोळत राहिलो आणि रडलो. मला दुसरं काही नको होतं. माझ्या आईला उरलेले दिवस उजेडात, गरम पाण्यात काढता यावेत, एवढंच. आणि मी तिचा उजेड घालवला होता, लिफ्टमधल्या एका पडद्यापायी.

रविवारी संध्याकाळी मी पुन्हा सगळं मांडलं. भात, सूप, मासा, नाशपाती. दार उघडलं, उघडंच ठेवलं. पॅनेल लाल होऊन ओरडत राहिलं. जिन्याकडून बांगबाई आल्या आणि उंबऱ्याबाहेर थबकल्या.

"प्योसाहेब, दार! सगळ्या मजल्याची ऊब जातेय!"

"जाऊ दे," मी म्हणालो.

त्या आणखी काही बोलणार होत्या. पण त्यांची नजर मांडलेल्या ताटाकडे गेली, ताटामागच्या रिकाम्या आसनाकडे गेली, आणि त्या चटकन वळल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत पळत गेला.

सूप निवलं. उदबत्ती संपली. मी उठलो, दार सताड उघडलं, हात पुढे बांधले आणि मान खाली घातली.

"बाबा, जेवण झालं. आता निघा. पुन्हा येऊ नका."

असं म्हणायची पद्धत नाही. मी म्हणालो.

मान खालीच होती. माझ्या बाजूने कोणीतरी गेलं. कपड्याची सळसळ झाली, वारा लागला.

"एक जण बाहेर गेले," पॅनेल म्हणालं. "घरात माणसं दोन."

मी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून हसलो.

"आई, गेले ते!"

मी वळून पाहिलं.

दारापाशी तिचे तपकिरी बूट नव्हते.

फोन वाजला. आईच होती, मागे लिफ्टची घंटा वाजत होती. "गीजुन, मी खाली पोचले. मोक्पोला मावशीकडे जाते. तूही ये. कोट घेऊ नकोस, काही घेऊ नकोस, तसाच ये."

मी पॅनेलकडे पाहिलं. घरात माणसं दोन.

मी बुटांत पाय घातले. हात कडीवर ठेवला.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

थेंब. मग थेंब. मी मघाशी नीट बंद केला नसणार. एवढं पाणी रात्रभर जाईल, असं मनात आलं. एक क्षण लागणार होता. मी बूट काढले आणि नळ बंद करायला आत गेलो.

लोक विचारतात, घर सोडलं का नाही. त्याला नीटसं उत्तर देता येत नाही. चांगलं घर आहे, वाया कशाला घालवायचं. सकाळी कामावर जातो तेव्हा पॅनेल म्हणतं, घरात माणसं एक. संध्याकाळी आलो की दोन. जानेवारीपासून आमचं घर इमारतीत पहिलं आहे. बांगबाई हल्ली माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत.

आई मावशीकडे बरी आहे. तिच्या गालांवर पुन्हा रंग आला, मावशी सांगते की न्हाणीघरातून गाणी ऐकू येतात. तेवढं ऐकलं की मला पुरे होतं. रोज संध्याकाळी ती मला चेहरा दाखवून फोन करते. मी खिडकीपाशी बसतो, तिथे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, तो फुकट असतो.

काल ती मावशीच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होती. डोक्यावर मोठा पिवळा दिवा, ओट्यावर दुसरा. मावशीने बोरांची चटणी केली, बाजारात खेकडे आले, असं काही सांगत होती. हसत होती. मीही हसत होतो.

आणि मी म्हणालो, "दिवा कोणासाठी जळतोय?"

माझं असं काही म्हणायचं मनात नव्हतं. मी ते तिच्याबरोबरच ऐकलं.

आईचे हात थांबले. तिने फोनकडे पाहिलं नाही. मान खाली घातली, लसणाची टरफलं एक एक करून मुठीत गोळा केली, आणि उठली. तिकडे, साडेतीन तासांच्या अंतरावर, आधी ओट्यावरचा दिवा गेला, आणि मग मोठा.