हरीओमचा वास

माझी मावसबहीण रूपाली जऊळक्याला राहते, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. घरामागे मळा आहे. मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे पुण्यात जिला कोथिंबीर म्हणतात ती. उजाडायच्या आत भाजी वाशीमच्या बाजारात जाते. त्या घरात शिरलं की आधी ओल्या मातीचा वास येतो, मग चुलीचा, मग माणसांचा. हे मी सवयीने टिपते. माझं कामच ते आहे.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी माणसाच्या अंगाच्या वासाचा अभ्यास करते. घामात काही द्रव्यं असतात. ती नाकाला जाणवतीलच असं नाही, पण मेंदूला काही वेळा कळतात. काही प्रयोगांत असं दिसलंय, की पुरुषाच्या घामातल्या एका द्रव्याने बाईच्या मेंदूचा खोलवरचा एक भाग जागा होतो आणि पुरुषाचा होत नाही. बाईच्या द्रव्याने उलटं घडतं. यावर आमच्यात अजून वाद आहेत. मी स्वतः फार ठामपणे काही सांगत नाही.

रूपालीचा नवरा हरीओम भाजीचा टेम्पो घेऊन नांदेडला गेला आणि परतला नाही. हिंगोलीच्या पुढे एका पुलाजवळ टेम्पो सापडला, माणूस सापडला नाही. दोन पावसाळे गेले. मग एका सकाळी तो अकोल्याकडून येणाऱ्या गाडीतून उतरला आणि चालत घरी आला. डोक्याला मार लागला होता, मधलं काही आठवत नाही, असं त्याने सांगितलं. सासरे शालिकराम यांनी त्याला लांबूनच चालीवरून ओळखलं. पायावर लहानपणचा विळ्याचा वण होता. आधार केंद्रावर अंगठा लावला, तोही जुळला. गावात पेढे वाटले.

पुढे काही आठवड्यांनी रूपालीचा फोन आला. आधी ती मळ्याचं, पावसाचं बोलली. मग म्हणाली, "ताई, तू वासाचंच शिकली ना? मंग एक सांग. एखाद्या माणसाले वासच नसते, असं होते का?"

मी दिवाळीच्या सुट्टीत गेले. हरीओम ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं. त्याने हसून पाणी विचारलं. पेला घेताना मी मुद्दाम जवळ वाकले. मेथीचा वास आला, सुतळीचा आला, साबणाचाही आला. त्याच्या खाली काही नव्हतं. धुतलेल्या ताटावरून हात फिरवावा तसं.

सासरे आणि दीर म्हणाले की आम्हाला तर काहीच वेगळं वाटत नाही. बायकांना मात्र वाटत होतं, आणि त्या त्याबद्दल बोलत नव्हत्या. सासू हौसाबाई तांदूळ निवडत होत्या. मी विचारल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोरगं माह्यंच हाये," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या जवळ गेलं, का कोणाच्या जवळ गेल्यासारखं वाटत नाही."

माझ्याकडे कारणं होती. काही लोकांच्या घामाला जन्मतःच वास कमी असतो. मार लागल्यावर, मोठ्या आजारातून उठल्यावर ग्रंथी बिघडू शकतात. मी ती सगळी रूपालीला सांगितली. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि पेटीतून प्लास्टिकची बांधलेली पिशवी घेऊन आली. पिशवीत हरीओमचा न धुतलेला शर्ट होता, नांदेडला जायच्या आदल्या दिवशीचा. तो नव्हता तेव्हा ती रोज ही पिशवी उघडायची. आता तो आल्यावरही उघडत होती, आणि याचंच तिला भय वाटत होतं.

हरीओम तपासणीला लगेच तयार झाला. रूपाली आणि तो पुण्याला आले. काखेत सुती तुकडे शिवलेलं बनियन त्याने घातलं. तुकडे बरण्यांत ठेवले. त्यांच्या शेजारी जुन्या शर्टाचे तुकडे, दुसऱ्या पुरुषांचे, बायकांचे, आणि कोणीच न घातलेलं कोरं कापड. कुठल्या बरणीत काय आहे, हे हुंगणाऱ्याला माहीत नव्हतं. डोक्याला मेंदूची हालचाल टिपणाऱ्या तारांची टोपी लावून, प्रयोगासाठी बोलावलेल्या बायका एकेक बरणी हुंगत होत्या.

जुन्या शर्टाला त्यांच्या मेंदूंनी उत्तर दिलं. दुसऱ्या पुरुषांच्या कापडालाही दिलं. हरीओमच्या बनियनला आणि कोऱ्या कापडाला काहीच दिलं नाही. पडद्यावरच्या दोन्ही रेघा सारख्याच होत्या.

रसायनाच्या यंत्रावर त्याच्या घामात पाणी निघालं, मीठ निघालं. माणसाचं म्हणून जे असतं, ते निघालं नाही.

मग मी टोपी हरीओमला लावली.

पुरुषाचा मेंदू सहसा काही वासांना उत्तर देतो, काहींना देत नाही. त्याच्या मेंदूने सगळ्यांना दिलं. बाईच्या, पुरुषाच्या, म्हाताऱ्याच्या. फार दिवस उपाशी असलेल्या माणसापुढे ताट यावं तसं.

शेवटची बरणी त्याच्याच जुन्या शर्टाची होती. आपल्या स्वतःच्या वासाला मेंदू सरावलेला असतो, तो फारशी दखल घेत नाही.

रेघ उसळली. अनोळखी माणूस दारात उभा राहिल्यावर उसळावी तशी.

मी तारा तपासल्या. बरणी बदलून पुन्हा दिली. पुन्हा तेच.

रूपाली बाहेर बाकावर होती. हरीओमने टोपी स्वतःच काढली, केस सारखे केले आणि माझ्यासमोर बसला.

"ताई, मले खरं सांगा. काय निंगालं?"

मी सांगितलं. हा शर्ट ज्याचा आहे, त्याला तुमचा मेंदू ओळखत नाही.

तो रागावला नाही. समोरच्या बरणीचं झाकण त्याने घट्ट लावलं.

"मी बी नाही ओळखत त्याले," तो म्हणाला. "पण रूपालीले ओळखतो. आईले ओळखतो. मळ्यातलं सगळं काम येते मले. तेवढ्यावर राहू द्यान का?"

तो विचारत होता. खरंच विचारत होता, आणि उत्तर माझ्याकडे आहे असं त्याला वाटत होतं.

मी रूपालीपासून काही लपवलं नाही. तुला वाटेल तितके दिवस माझ्याकडे राहा, असंही म्हणाले. ती रात्रभर विचार करून सकाळी म्हणाली की तो चांगला वागतो, आधीपेक्षाही चांगला. हात उगारत नाही. तिच्या हातचं खाताना डोळे मिटतो. कोणी तरी जवळ असावं यासाठी माणसं याहून कमी गोष्टींवर राहतात. दुपारच्या गाडीने दोघं परत गेले. शर्ट तिने नेला नाही.

त्यावर मी कुठेही काही लिहिलं नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे.

परवा बारशाला जऊळक्याला गेले. रूपालीला मुलगी झाली. ठणठणीत, काळ्याभोर केसांची. माजघरात शेक-शेगडी, वेखंड, ओव्याची धुरी यांचा दाट वास होता. बायका बाळाला एकमेकींच्या मांडीवर देत होत्या. हातात आलं की प्रत्येक बाई टाळूशी वाकायची, जशी कुठलीही बाई वाकते. आणि मग थोडी थांबायची. मग पुढच्या बाईकडे द्यायची.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मीही वाकले.

टाळूला तेल होतं, धुरी होती. त्याच्या खाली काही नव्हतं.

मी मान वर केली. रूपाली माझ्याकडेच पाहत होती. तिने नजर खाली वळवली.

दारातून शालिकरामांनी आनंदाने विचारलं, "काय मंग, कोनावर गेली पोरगी?"

मग हौसाबाईंनी नातीला माझ्याकडून घेतलं आणि तिचं कुंची घातलेलं डोकं पदराने झाकलं.

"बापावर," त्या म्हणाल्या.

"चांगलं झालं," शालिकराम म्हणाले, आणि पेढ्यांचा डबा घेऊन माणसांत गेले.