चौदा ग्रॅमचा फरक

देर्लिसच्या दुकानाच्या पायरीवर निमिया बसली ती काही ठरवून नव्हे. इताउग्वा गावात त्या दिवशी उत्तरेचा गरम वारा सुटला होता, शाळेत शिकवून निघाल्यावर बसथांब्यापर्यंत जायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, आणि अख्ख्या गल्लीत सावली होती ती तेवढ्याच पायरीवर. वर पाटी होती, 'वजनकाटे दुरुस्त करून मिळतील'. आतून एक तिशीतला माणूस, देर्लिसच, बाहेर आला. त्याने तिला ऊठ म्हटलं नाही, की का बसलात म्हणून विचारलं नाही. बर्फाच्या पाण्याचा थर्मास आणि तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या कडवट पाल्याच्या पेयाचा, शिंगाचा पेला घेऊन तो शेजारच्या स्टुलावर टेकला. रीतीप्रमाणे पहिला पेला स्वतः प्याला आणि दुसरा भरून तिच्यापुढे धरला.

तिने नळीने तो संपवला, परत दिला आणि म्हणाली, "आभारी आहे."

तेरेरे पिताना आभार मानले की पुरे झालं असं समजायचं. मग पेला तुमच्याकडे पुन्हा येत नाही. देर्लिसचा चेहरा जरासा उतरला, पण तिला बोलायचंही बळ नव्हतं, ओळख वाढवणं तर लांबच राहिलं. तेवढ्यात तिचा फोन किणकिणला. 'दुपारचं जेवण नोंदवलं का?'

"एवढी चौकशी कोण करतंय?" त्याने विचारलं. "नवरा?"

"ॲप. नवरा असता तर एव्हाना कंटाळून पळाला असता."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, आणि का कोण जाणे… ते बघून निमियाला सगळं सांगावंसं वाटलं. परक्यापुढे मन मोकळं करणं सोपं जातं म्हणतात, ते खोटं नाही. तिला एकोणिसाव्या वर्षापासून फिट यायच्या. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला कीटोच्या आहारावर घातलं होतं. तेल-लोणी भरपूर, मांस-चीज मोजून, आणि मांडिओकाचा पिठूळ कंद, पाव, भात, साखर यांना घरात बंदी. प्रत्येक घास ग्रॅमवर तोलायचा आणि ॲपमध्ये लिहायचा. रोज रात्री ॲपमधल्या पट्ट्या हिरव्यागार दिसायच्या. पण लघवीत बुडवायची ती तपासणीची कागदी पट्टी आहार लागू पडला की गर्द जांभळी व्हायला हवी, ती मेली फिकटच राहायची. फिटही थांबली नव्हती.

डॉक्टरीणबाई सौम्यपणे म्हणाल्या होत्या की काहीतरी तोंडात जातंय, ते ॲपमध्ये येत नाहीये. आई तेवढी सौम्य नव्हती. ती सरळ म्हणाली होती, चोरून खातेस. डॉक्टरीणबाईंनी मुदत घातली होती, महिनाभरात पट्टी जांभळी झाली नाही तर आहार बंद आणि जुन्या गोळ्या पुन्हा सुरू. त्या गोळ्यांच्या धुंदीत निमिया पहिलीतल्या मुलांची नावं विसरायची. मुख्याध्यापिकांनी बजावून ठेवलं होतं की पुन्हा तसं झालं तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाईल.

"काटा तपासलात का, बाई?"

"काटा कशाला?"

"आमच्या धंद्यात माणसाला खोटं ठरवण्याआधी काटा तपासतात."

दुसऱ्या दिवशी ती काटा पिशवीत घालून घेऊन आली. देर्लिसने पितळी वजनं ठेवली. शंभराला शंभर. दोनशेला दोनशे. काटा सोन्यासारखा खरा निघाला, आणि आपण केवढी आशा लावून बसलो होतो ते निमियाला तेव्हा कळलं.

"म्हणजे मीच खोटी," ती म्हणाली.

देर्लिसने वजनं डबीत परत ठेवली. मग तिच्याकडे बघून साधेपणाने विचारलं, "चोरून खाता काही?"

"नाही."

"मग नाही."

तीन महिन्यांत हे तिला कुणीही म्हटलं नव्हतं. तिने घाईघाईने तोंड फिरवलं, पण डोळे भरायचे ते भरलेच. काटा जिथे रोज बसतो तिथेच त्याचं खरं दुखणं दिसतं, रविवारी येऊन बघतो, असं तो म्हणाला. घरी आई असते, तिने बजावलं. लागलं तर तिचंही वजन करू, तो म्हणाला.

रविवार यायला चार दिवस होते, आणि चारही दिवस निमियाची वाट त्या पायरीवरून गेली. आभार मानायला तिला आधी दोन पेले लागले, मग तीन. दमलेली ती तशीच होती, पण त्या तासाभरात कुणी तिला तपासत नसे.

"तेरेरेचं काय लिहिता ॲपमध्ये?" त्याने विचारलं.

"शून्य."

"माझ्याबरोबर बसायचं पण शून्यच?"

"तुमचं नाव त्यात सापडलं नाही."

"सापडलं नाही म्हणजे… शोधलंत तर!"

निमियाने मान खाली घातली आणि उगाच पेल्यातली नळी ढवळली. नळी ढवळू नये हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं, पण देर्लिसने हसून पेला पुन्हा भरला.

रविवारी आईने, एर्मेलिंदाने, पाहुण्यापुढे मांडिओकाच्या पिठाचा, चीज घातलेला गरम पाव, चिपा ठेवला. जन्मभर न्यांदुतीच्या जाळ्या, म्हणजे सुती लेसचे नक्षीदार रुमाल, विणणारी ती बाई. घरात रेडिओखाली जाळी, फ्रिजवर जाळी, देव्हाऱ्यात जाळी. लेकीला मोहात पाडू नका हं, असं पाहुण्याला सांगून तिने पुढे जोडलंच, की घरी काटेकोर चालतं सगळं, शाळेत काय चालतं ते देवाला माहीत. निमियाला ते लागलं. देर्लिसने चिपाचा तुकडा खाली ठेवला आणि काटा कुठे असतो तेवढं विचारलं.

काटा ओट्यावर होता, जाड, गोल, नुकती मांडिओकाची खळ घातलेल्या जाळीवर. देर्लिसने शंभराचं वजन ठेवलं. शहाऐंशी. उचलून पुन्हा ठेवलं. शहाऐंशी. मग तो वाकला आणि काट्याच्या पातळीवर डोळे नेऊन बघत राहिला. काट्याचे पाय जाळीच्या भोकांत रुतले होते, आणि खळीने कडक झालेली कड वर उचलून ताटलीला खालून टेका देत होती. त्याने जाळी काढली. शंभर.

घरी काटा रोज शंभरामागे चौदा ग्रॅम कमी दाखवत आला होता. तेल निमिया सिरिंजने मोजायची, ते बरोबर होतं. मांस, चीज, भाजी मात्र रोजच जास्त जात होती.

"मांडिओका बंद केलीत खरी," देर्लिस हळूच म्हणाला, "पण ती खळीतून आत शिरली, बाई."

एर्मेलिंदा जाळी हातात घेऊन खुर्चीवर बसली. "माझ्या पोरीच्या जिवाचा काटा," ती म्हणाली. "उघड्या ओट्यावर कसा ठेवायचा? म्हणून सगळ्यात चांगली घातली होती… आणि वर तुलाच चोर म्हटलं मी."

"म्हटलंस," निमिया म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण राग येईना, नुसता शीण आला. ती आईशेजारी जाऊन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. थोड्या वेळाने एर्मेलिंदा उठली आणि रेडिओखालचीसुद्धा जाळी ओढून काढली.

तीन आठवड्यांनी पट्टी गर्द जांभळी झाली. डॉक्टरीणबाईंनी कसलं वचन दिलं नाही, पण गोळ्या पुन्हा सुरू केल्या नाहीत. निमिया तशीच पायरीवर आली आणि पट्टीचा फोटो देर्लिसला दाखवला. तो मनापासून खूश झाला. मग पेला भरता भरता म्हणाला, "काटा बरा झाला. आता तुम्हाला इकडे यायचं कारण उरलं नाही."

तिने पेला रिकामा करून परत दिला. पेला हातात धरून तो थांबला होता.

"बाई… आभार मानायचे राहिले."

"राहू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. निमियाला वाटलं, आता बोललंच पाहिजे, नाहीतर हेही लपवल्यासारखं होईल.

"मला कधीही फिट येईल, देर्लिस. तुझ्याबरोबर मला चिपा खाता यायचा नाही. लग्नाच्या पंगतीतही मी काटा काढून बसेन. कंटाळशील तू."

"अगं, मी जन्म काढलाय तोलण्या-मापण्यात," तो म्हणाला. "तू तोल. मी वजनं पुसत बसेन."

फोन किणकिणला. तिने तो पालथा घातला. थांब्यावर तिची बस आली आणि गेली. तिसरा पेला झाला, पाचवा झाला, पाणी संपलं. देर्लिस बर्फ आणायला आत गेला, आणि निमिया दाराच्या चौकटीला पाठ टेकून त्याची वाट बघत बसली. आभार मानायची तिला घाई नव्हती.