डोळे मिटून बसा

“ते पिवळं कोण आहे? तुम्ही… हो, तुम्हीच. इकडे या, लवकर!”

भर दिवसा, भरलेल्या हॉलमध्ये एका तरुणाने मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी. नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘पिवळं’. एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण त्या दिवशी माझे पाय आपोआप पळाले, आणि पळताना पायाखाली काहीतरी कर्रकन चिरडलं, ते बघायलाही मी थांबले नाही.

आधी आमच्या हॉलबद्दल सांगायला हवं. डोळ्यांच्या दवाखान्यात माझं काम थेंब घालायचं. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब. आधी झोंबतात, मग समोरचं सगळं धूसर होतं. म्हणून थेंब घातले की मी प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे: “डोळे मिटून शांत बसा, मी बोलावते.” आणि लोक इतके गुणी की खरंच बसतात. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर माना टाकून, डोळे मिटून बसलेली माणसांची रांग. नवखा कोणी आत आला तर दचकतो. मला मात्र त्याची सवय झाली होती, आणि तिथेच चुकलं.

कोपऱ्यात करड्या टोपीचे एक आजोबा बसले होते, एकटेच आलेले. त्यांची मान छातीवर टेकली होती आणि कपाळावर घाम होता. हॉलमध्ये एसी इतका की मी मावशीने विणलेला पिवळाधमक स्वेटर घालून वावरत होते, आणि यांना घाम? मी त्यांच्यापाशी थांबले. वाटलं, हाक मारावी. मग आजूबाजूला बघितलं. एका बाजूच्या बाई निवांत, दुसऱ्या बाजूचा तरुण डोळे मिटून गप्प, काउंटरवरची ताई फोनवर हसतेय. कोणालाच काही वाटत नाही, मग मलाच का वाटतंय? झोपलेल्या माणसाला उगाच उठवायचं आणि सगळ्या हॉलसमोर आपलं हसं करून घ्यायचं… मी पुढे गेले. परत येताना पुन्हा थांबले, आणि पुन्हा पुढे गेले.

मग शेजारचा तो तरुण उठून उभा राहिला. “अहो, कोणीतरी बघा. या काकांचा श्वास बरोबर वाटत नाहीये.”

सगळ्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी तर मागे वळून बघितलं, कोण जातंय ते. तेव्हा त्याने हात लांब करून, नेमका माझ्या दिशेने, मला रंगावरून हाक मारली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आमच्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. आजोबांची साखर एकदम खाली गेली होती. गाडी बोलावली. आजोबांनी त्या तरुणाचं मनगट असं घट्ट धरलं होतं की त्याला सोबत जाणं भागच होतं, आणि दवाखान्यातर्फे कोणीतरी हवं म्हणून मॅडमनी मला पाठवलं. गाडीत चढताना तो दोनदा अडखळला. मी त्याचा कोपर धरला.

“चष्मा लावा ना,” मी म्हणाले.

“लावला असता. पण मघाशी तुम्ही धावत आलात ना, तेव्हा जे वाजलं… तो माझा चष्मा होता, उठताना मांडीवरून पडलेला.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र हसत होता.

मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. आत आजोबा, बाहेर आम्ही दोघं, आणि मधे एक दार, जे उघडलं की मी अर्धवट उठत होते. एक डॉक्टर बाहेर आले. म्हणाले की शुद्ध अजून पुरती आलेली नाही, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ते सहज बोलून निघून गेले. थोडा उशीर… तो कोणी केला होता, ते मला पक्कं ठाऊक होतं.

“फार घट्ट धरलंय तुम्ही,” तो म्हणाला. अजूनही माझा हात त्याच्या कोपरावरच होता. मी पटकन काढून घेतला.

“राहू द्या की,” तो हळूच म्हणाला. “मला काही दिसत नाहीये. तेवढाच आधार.”

मी हात परत ठेवला. निव्वळ वैद्यकीय कारणासाठी.

मग वेळ जावा म्हणून तो त्याच्या कामाबद्दल सांगू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट मधेच अडकली की आत धोक्याची घंटा असते. माणूस ती दाबत राहतो, सगळ्या इमारतीला ऐकू जाते, आणि प्रत्येक घर समजतं की दुसऱ्या कोणीतरी फोन केला असेल. इमारत जेवढी मोठी तेवढा फोन उशिरा येतो, असा त्याचा अनुभव. एका आजीबाई अशाच अडकल्या होत्या. दार उघडल्यावर आधी त्यांनी त्याच्याच थोबाडीत मारली होती, कारण समोर तोच सापडला.

मी हसले. दिवसभरात पहिल्यांदाच हसले असेन.

“बघा,” तो म्हणाला, “हसणं ऐकू येतं, रंग दिसतो, चेहरा मात्र नाही. हा अन्याय आहे. सगळ्या हॉलमध्ये एक तुम्ही धावून आलात, आणि तुम्ही कशा दिसता ते मला माहीत नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते… पण दार उघडलं, आजोबांनी डोळे उघडल्याची बातमी आली, त्यांची मुलगी धापा टाकत पोचली आणि तिने माझे दोन्ही हात धरून घेतले. माझा जीव भांड्यात पडला. जे सांगायचं होतं ते मात्र घशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन वाजला. डोळे अजून झोंबतायत, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, थेंब उतरले असतील एव्हाना. तो म्हणाला, मग दुसरं काहीतरी असेल. त्यानंतर आजोबांची चौकशी. मग, डोळ्यांसाठी पालेभाजी खरंच चांगली का? मग लाल की हिरवी? काउंटरवरची ताई फोन माझ्याकडे देताना डोळे मिचकावू लागली. माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, नाही वाजला की त्याहून जास्त.

थेंब घातल्यावरचं माझं वाक्यही मी बदललं. “डोळे मिटून बसा, पण शेजारच्याशी अधूनमधून बोला,” असं सांगू लागले. हॉलमध्ये इतका कलकलाट व्हायला लागला की मॅडमनी दोनदा डोकं बाहेर काढून बघितलं. पण बंद करायला काही सांगितलं नाही.

शेवटी एका फोनमध्ये तो म्हणाला, “शनिवारी माझा नवा चष्मा मिळतोय. त्यातून पहिल्यांदा तुम्हाला बघायचंय. संध्याकाळी, बागेच्या फाटकापाशी? पिवळा स्वेटर घालून या, म्हणजे ओळखेन.”

मी ‘बरं’ म्हणाले आणि रात्रभर तळमळले. त्याला बघायची होती धावून येणारी मुलगी. दोनदा थांबून पुढे गेलेली मुलगी त्याला माहीतच नव्हती.

मावशीकडे मी लहानपणापासून राहते. तिच्यापासून काही लपत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, “भागीचं घोडं किवणानं मेलं, बाई. दहाजण मालक आणि जखमेला औषध लावणारा एक नाही. तू एकटीच का मालक होतीस त्या घोड्याची?”

“पण मी बघितलं होतं गं, मावशी.”

“मग ते त्याला सांग. मला सांगून काय होणार?”

सांगायचं कसं? शनिवारी मी पिवळा स्वेटर कपाटात ठेवला आणि करडा कुडता घातला. बेत भित्रा होता, पण माझ्या मते बिनचूक: लांबून त्याला एकदा डोळे भरून बघायचं आणि घरी परतायचं.

बागेत ऊन उतरलं होतं, वाऱ्याने वाळकी पानं पायाशी लोळत होती. झाडाआडून मला तो दिसला. नवा काळ्या काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि नजर पिवळं दिसेल तिकडे. पिवळी छत्री घेतलेल्या एका काकू आल्या तर तो त्यांच्याकडे बघून इतक्या आशेने हसला की काकू छत्री मिटून भराभर निघून गेल्या. मला हसू आलं आणि रडूही. इतक्या साध्या माणसाला फसवायचं नाही, असं ठरवून मी वळले.

वळले, आणि समोरच्या बाकावर एक गृहस्थ आडवे दिसले. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय, एक चप्पल पायातून गळून पडलेली. माणसं बाजूने चालली होती. फिरायला आलेले दोघं गप्पा मारत गेले, लाल टोपीवाला एकजण धावत गेला. कोणालाच काही वाटत नव्हतं.

माझे पाय थांबले. झोपले असतील… नसले तर? हाक मारली तर तो फाटकापाशी ऐकेल. आणि खरंच झोपलेले असले, तर त्याच्यासमोर माझी चांगली फजिती होईल. मी एक पाऊल पुढे टाकलं. आणि मग स्वतःचाच इतका राग आला की मागे फिरले.

“काका? काका, ऐकू येतंय का?”

उत्तर नाही. मी खांदा हलवला. तरी नाही. मग मी ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात: “काका! आणि तुम्ही, लाल टोपी! हो, तुम्हीच. इकडे या, लवकर!”

लाल टोपीवाला गर्रकन वळला. आणि काका ताडकन उठून बसले.

“काय झालं? आग लागली का कुठे?”

“नाही… तुम्ही ठीक आहात ना?”

“होतो,” काका म्हणाले, “तुम्ही उठवेपर्यंत.”

एव्हाना वीसेक माणसं गोळा झाली होती. आता बरे सगळे आले. कोणीतरी खुसखुसलं. लाल टोपीवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा धावू लागला. माझे कान तापले. ज्याला मी आयुष्यभर घाबरत आले, नेमकं ते झालं होतं. आणि गंमत म्हणजे, मी अजून तिथेच उभी होते.

“करडा रंगही चांगला दिसतो तुम्हाला,” मागून आवाज आला.

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता, नव्या चष्म्यातून, सावकाश, जणू कसलीच घाई नव्हती. मला ती नजर सोसवेना.

“बघू नका असं,” मी म्हणाले. “आधी ऐका. त्या दिवशी मी धावून आले नव्हते. मी आजोबांना आधीच बघितलं होतं. दोनदा. आणि दोन्ही वेळा पुढे गेले. तुम्ही बोलावलं नसतंत तर आलेच नसते.”

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, “मला माहीत आहे.”

“काय?”

“मी डोळे मिटून बसलो होतो ना. कान उघडे होते. तुमच्या चपला वाजतात… चट चट, चट चट. त्या आजोबांपाशी दोनदा थांबल्या. बाकी कोणाचीही पावलं तिथे थांबली नाहीत. म्हणून तर तुम्हाला हाक मारली. त्या आवाजाच्या दिशेने बघितलं, तेव्हा रंग दिसला.”

मी पायातल्या चपलांकडे बघितलं.

“आणि माझं सांगू?” त्याने चष्मा काढून पुसला. “श्वासाचा तो आवाज मला तुमच्याही आधीपासून ऐकू येत होता. तुम्ही थांबलात, तेव्हा मला वाटलं, झालं, आता त्या बघतील. म्हणून मी आणखी गप्प बसलो. लिफ्टच्या लोकांवर हसतो मी, आणि स्वतः तेच केलं. तुम्हाला कसं सांगू या विचाराने दोन रात्री झोपलो नाही.”

म्हणजे हाही घाबरला होता. माझ्याइतकाच. मला इतकं हलकं वाटलं की त्या बाकावरच बसले, काकांच्या शेजारी.

तो समोर उभा. बोलावंसं वाटत होतं त्याला. चष्मा घालत होता, काढत होता. मी वाट बघत होते. तोही माझ्या तोंडाकडे बघत वाट बघत होता. वारा आला, पानं सरकली, आणि दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

“अहो,” काका चप्पल शोधत म्हणाले, “तुमच्यापैकी कोणीतरी बोलून टाका एकदाचं. मला झोपायचंय.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण या वेळी मी मागे वळून बघितलं नाही.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. “मीच सांगते. नाहीतर हे घोडंही मरायचं.”

“कुठलं घोडं?” त्याने गोंधळून विचारलं.

मी उठले आणि त्याचा कोपर धरला. या वेळी वैद्यकीय कारण काही नव्हतं. “चला,” मी म्हणाले, “मावशीच सांगेल.”