सातव्या टोपलीपाशी

तनुजाची तबकडी टोपलीत पडली खरी, पण आवाज आला तो स्टीलचा. पाहते तर आत कुणाचा तरी जेवणाचा डबा!

"अवो, माझा हाय त्यो!" बाकावरून एक उंच तरुण धावत आला. "मुंग्या लागतेत म्हणून ठेवला. ह्या टोपल्या त्याच्यासाठीच हायेत ना?"

हसावं की रागवावं, तिला कळेना. लातूरच्या त्या बागेत खांबांवर साखळ्या लावलेल्या नऊ टोपल्या होत्या. तबकडी फेकायची, टोपलीत पाडायची... खेळ एवढाच. तिने तो त्याला शिकवला. सिद्धलिंग देगलूरचा, इथे बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. पहिलीच तबकडी त्याने कडुलिंबावर अडकवली आणि तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिचाच नेम चुकू लागला.

चार महिने झाले. रोज संध्याकाळी नऊ टोपल्या व्हायच्या, मनातलं मात्र मनातच राहायचं.

अशात सोमवारी जळकोटच्या घरून आईचा फोन आला. "स्थळ आलंय. पोराचे मामा गल्लीत तुझी चौकशी करून गेले. रविवारी बघायला येतो म्हणतेत."

नाव-गाव काही न ऐकता तनुजा म्हणाली, "नको म्हणून सांग!"

"बघ हं. एकदा न्हाई म्हटलं की तुझे बाबा परत त्या दारात जायचे न्हाईत."

"न्हाई तर न्हाई."

नकार गेला, पण जीव थाऱ्यावर येईना. आज हे टळलं, उद्या दुसरं येईल. त्याला सांगायलाच हवं... असं ठरवून ती गुरुवारी बागेत आली, तर सिद्धलिंगचं तोंड उतरलेलं. पहिल्या टोपलीपाशी तिने बोलायला तोंड उघडलं नि मिटलं. चौथीपाशी पुन्हा तेच.

सातव्या टोपलीपाशी तोच थांबला. "उद्यापासून मी येणार न्हाई. मामाला तुमच्या घरी धाडलं होतं... तुमचा नकार आला."

"ते... तुमचे मामा होते?"

"हाव."

"आन् मला आधी विचारायचं न्हाई?"

"आमच्यात आधी थोरली माणसं बोलतेत. पोरीला थेट विचारणं बरं दिसत न्हाई. वाटलं, नाव ऐकून तुम्हाला कळंल."

"नाव ऐकलंच कुठं मी! तुमच्यापायीच तर नको म्हटलं—"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. पण तिला आता बाबांची धास्ती पडली होती. तिने लगेच फोन लावला.

"आई, ते सोमवारचं स्थळ... त्यांना या म्हणावं."

"अगं, पोरखेळ हाय का? तूच बोल बाबांशी!"

मग बाबांचा, अमृतरावांचा, आवाज आला. "काय गं? सोमवारी न्हाई म्हणालीस, आज हाव म्हणून राहिलीस. कुणासाठी?"

तनुजाने डोळे मिटले. "दोन्ही एकाच माणसासाठी, बाबा. मला तो लई आवडतो."

तिला वाटलं, संपलं सगळं.

मग बाबा खाकरले. "नकार आपला होता, तर पायबी आपलेच झिजले पाहिजेत. सांग त्यांना."

फोन ठेवताना तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"काय म्हणाले?" सिद्धलिंगने घाबरतच विचारलं.

"रविवारी आम्हीच देगलूरला येतोय, तुम्हाला बघायला," ती डोळे पुसत म्हणाली. "चांगली कापडं घालून बसा."